घर दिसायला नको

"तुमचं घर काही दिसलंच नाही हो, पुढे जाऊन परत आलो," असं पाहुणा म्हणाला की आमच्या बाबांचा चेहरा खुलायचा. दुसरा कोणी ओशाळला असता, निदान एखादी पाटी तरी लावली असती. बाबा त्या माणसाला आधी पाणी देत, मग चहा, मग संत्री, आणि तो नेमका कुठवर पुढे गेला होता, नाल्याच्या पुलापर्यंत की पुलाच्याही पलीकडे, हे खोदून खोदून विचारत. पुलाच्या पलीकडे गेला असेल तर मग पाहायलाच नको. त्या दिवशी आईला भज्यांची कढई चढवावी लागायची.

मी मात्र तेवढा वेळ मागच्या खोलीत जाऊन बसायचे. मला लाज वाटायची. आता उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही, मला माझ्या घराची लाज वाटायची आणि ते घर बांधणाऱ्याचीही.

तिगावच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलं की आमचं शेत लागतं. खाली संत्र्यांचा बगीचा, मध्ये नाला आणि वर नुसती खडकाळ बरड. शहाण्या माणसानं घर बांधलं असतं ते रस्त्याला लागून, सपाट जागेवर. बाबांनी बरडीचा उतार धरला. सिंचाई विभागात ते ड्राफ्ट्समन होते, कालव्यांचे नक्शे काढण्यात जन्म गेला. मध्येच कधीतरी त्यांना भोपाळला एका मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायला पाठवलं होतं. तिथे तलावाच्या काठी एक इमारत म्हणे टेकडीत उतरत गेली होती, रस्त्यावरून पाहिलं तर नुसतं गवत. बाबा परत आले ते ती इमारत डोक्यात घेऊनच. आई म्हणायची, लोकांचे नवरे भोपाळहून साडी आणतात, माझ्या नशिबी हे आलं.

घर तीन टप्प्यांनी उतारावरून खाली उतरतं. वरची खोली बैठकीची, तिच्याखाली स्वयंपाकघर, त्याच्याखाली निजायच्या खोल्या. भिंतींना त्याच जागेवरून निघालेला काळा दगड. वर सिमेंटचा स्लॅब आणि स्लॅबवर हातभर माती टाकून बरडीवरचंच गवत लावलेलं. त्यामुळे वरच्या अंगानं येणाऱ्याला उतार कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं ते कळतच नाही. मधल्या अंगणात एक मोहाचं झाड होतं, ते तोडायचं नाही म्हणून घरानं त्याला वळसा घातला. स्वयंपाकघरात एक खडक होता, तोही फोडायचा नाही म्हणून तो तसाच राहिला. आईची नडगी त्या खडकावर किती वेळा आपटली असेल, देवालाच माहीत. दर वेळी ती बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि बाबा म्हणायचे, "तो आपल्या आधीपासून राहून राहिला इथं. आपणच त्याच्या घरी आलो."

रंग लावायचा नाही, हा दुसरा नियम. दारं मातीच्या रंगाची, खिडक्या लांबट आणि जमिनीलगत, त्यातून संत्र्यांची खोडं तेवढी दिसायची. रोज दिवस मावळताना बाबा रस्त्यावर जाऊन उभे राहत आणि आपलं घर दिसतं का ते पाहत. एखाद्या काचेवर ऊन चमकलं की दुसऱ्या दिवशी तिथे झुडूप लागलंच म्हणून समजा. एकदा आईनं वर गवतावर लाल लुगडं वाळत घातलं होतं, तर रस्त्यावरूनच ओरडत आले, "अवं, घर दिसून राहिलं!" आई म्हणाली, "दिसू द्या. माणसं राहतात इथं, रानडुकरं नाही." दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा आमच्याकडे मोहाच्या झाडाला, छपराच्या खाली लागायचा. बाहेरच्यांना तो दिसत नसे, आम्ही तिघंच त्याच्याकडे मान वर करून पाहायचो.

कोणी वाद घातलाच की बाबांचं उत्तर तयार असे. "जामसांवलीले जाऊन आले का कधी? तिथं मारुती निजून राहिला. देवाले उभं राहायची गरज नाही वाटली, तं मकानाले काऊन पाहिजे?" यावर आमच्या भागातला माणूस काय बोलणार? हात जोडून गप्प बसायचा. पण गावात जाऊन बोलायचाच. शाळेत पोरी मला घोरपड म्हणायच्या. घोरपड बिळात राहते, म्हणून. मी मैत्रिणींना कधी घरी बोलावलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, आमच्याकडे कुत्रं चावरं आहे. कुत्रं नव्हतंच.

बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, असं विचारलं तर लोक म्हणतील लग्नाचा, नाहीतर मी झाले त्याचा. तसं काही नाही. तो दिवस संत्र्याच्या तोड्याचा होता. एका नव्या व्यापाऱ्यानं बगीच्यातला सगळा माल विकत घेतला होता, त्याची माणसं पहिल्यांदाच आमच्या शेतात आलेली. झाडाखाली ओल होती म्हणून माल छाटायला त्यांनी कोरडी, सपाट, गवताची जागा शोधली आणि संत्र्यांचा ढीग घातला. खाली आई वरण फोडणीला टाकत होती. वरून धबधब आवाज, आणि वरणात माती पडायला लागली. आई किंचाळली. बाबा बाहेर गेले, वळसा घालून वर चढले, आणि पाहतात तो काय, आमच्या डोक्यावर संत्र्यांचा डोंगर आणि त्याभोवती बाया बसून मोठा माल, बारीक माल वेगळा करून राहिल्या!

कोणीही त्यांना हाकललं असतं. बाबा त्यांच्यात जाऊन बसले. जागा बरी आहे ना, म्हणून विचारलं. व्यापारी म्हणाला, झकास आहे भाऊ, पण तुमचं मकान कुठी आहे, पाणी तरी मागवा. बाबांना त्या क्षणी जे काय झालं असेल ते असो. खाली आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि सगळ्या माणसांसाठी चहा टाक म्हणून आईला सांगत होते. त्या ढिगाखाली स्लॅबला चीर गेली, ती पार निजायच्या खोलीपर्यंत. पुढच्या पावसाळ्यापासून आईच्या खाटेवर पाणी टपकायला लागलं ते कधी पूर्ण थांबलं नाही. आई खाट सरकवायची, बाबा ज्याला त्याला ती चीर कौतुकानं दाखवायचे.

मी बीएड करून पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. आमच्याकडे मुलगी पाहायला येतात ते मुलीपेक्षा घरदार जास्त पाहतात, हे काही मी नव्यानं सांगायला नको. वरुडकडचे पहिले पाहुणे आले. मुलाच्या आत्याचं डोकं आमच्या ठेंगण्या चौकटीवर आपटलं, तिथूनच सुरुवात. बाबा त्यांना हौसेनं सगळं दाखवत फिरले. पावसाचं पाणी घराच्या खालून कसं वाट काढतं, उन्हाळ्यात भिंत कशी गार राहते, खडक का ठेवला. मुलाचे काका मान डोलवत ऐकत होते. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "हे शेतावरचं झालं. आता मकान दाखवा."

बाबा हसले. त्यांना तो तोड्याच्या दिवसासारखाच मान वाटला असावा. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी पसंत आहे, माणसं चांगली आहेत, पण त्यांना घरदार नाही. मी आईजवळ बसून रडले आणि मोठ्यानं म्हणाले की मला या बिळातून एकदाचं बाहेर काढा. बाबा अंगणात मोहाची फुलं वेचत होते. त्यांनी ऐकलं असेल की नाही, मला माहीत नाही. त्यांनी टोपली भरली आणि ते बगीच्यात निघून गेले.

मग मामा मध्ये पडला. मामाचं पांढुर्ण्याला कापडाचं दुकान आणि दुमजली घर. पिस्ता रंगाचं, समोर चार जाडजूड खांब, खांबांना वर सिमेंटची फुलं, गॅलरीला स्टीलचं रेलिंग आणि दारावर टाइलचा गणपती. या घराबद्दल बाबांचं मत काय होतं ते मामालाही ठाऊक होतं. "तुझ्या खांबांवर काही नाही, गड्या, ते नुसतेच उभे आहेत," असं बाबा त्याच्या वास्तुशांतीला जेवता जेवता म्हणाले होते आणि त्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. तरी बहिणीसाठी मामा तयार झाला. पुढचा कार्यक्रम त्याच्या घरी करायचा आणि घर बाबांचंच आहे, मामा खालच्या मजल्यावर राहतो, असं सांगायचं. पोरीचं भलं होत असेल तर चार शब्द इकडचे तिकडे झाले म्हणून कोणाचं काय जाते, असं त्याचं म्हणणं. आई बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. आता ते चिडतील, असं आम्हाला वाटलं. बाबा म्हणाले, "करा." एवढंच.

सौंसरचे पाहुणे आले. त्यांची रामाकोन्याकडे शेती आणि सौंसरला खताबियाण्याचं दुकान. मुलाचे वडील कमी बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. बाबांनी मामाचा सफारी घातला होता, तो त्यांना खांद्यांत मोठा होता. मामाच्या सोफ्यावर ते अगदी टोकाला बसले होते. मी मान खाली घालून पोह्यांच्या बश्या देत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, संत्र्याचा भाव झाला. मग मुलाच्या वडिलांनी एकदा खांबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मकान कोणी बांधलं?"

माझ्या हातातली बशी कोणाला द्यायची तेच मला कळेना. मामा काहीतरी बोलायला गेला, पण त्याआधी बाबा बोलले.

"हाव. मीच बांधलं."

"वरचा मजला उन्हाळ्यात तापत असेल?"

"तापते थोडा," बाबा म्हणाले.

आयुष्यात एक रेघ खोटी काढली नाही, असं छाती ठोकून सांगणारा माणूस. रस्त्यानं जाताना बस थांबली की लोकांच्या घरांचे खांब मोजून त्यांतले फुकटचे किती ते सांगायचा. त्या माणसानं ते चारही खांब आपल्या अंगावर घेतले. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं.

लग्न ठरलं, झालं, पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयात थाटात झालं. एकदा बोललेलं खोटं पाळावं लागतं, हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला जावयाला ओवाळलं ते मामाच्या घरी. बाबा आणि आई आदल्या दिवशी पिशव्या घेऊन तिथे राहायला आले, पाहुण्यासारखं वाटू नये म्हणून बाबा मुद्दाम नळ दुरुस्त करत बसले. नवऱ्याला मी वर्षभरात सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, आमच्या बाबांजवळ बोलू नको, त्यांना खोटं चालत नाही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. मामाजी कधीमधी विचारायचे की तुमच्या तिकडच्या शेतावर एकदा जायचं आहे. मी म्हणायचे, जाऊ ना, पण रस्ता खराब आहे. बाबा शेतावर एकटे राहतात, त्यांना तसंच आवडतं, असंही मीच सांगून ठेवलं होतं.

काही वर्षांनी सौंसरला आमच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं. मामाजींनी बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की नक्शा तुम्हीच काढा, तुमच्या मनाले येईल तसा काढा, मी मध्ये बोलणार नाही. असं सांगणारा माणूस बाबांना जन्मात भेटला नव्हता. प्लॉटही कसा, मागच्या बाजूला उतार, एक जुनं कडुनिंबाचं झाड, खाली ओढा. बाबा त्या झाडाखाली बराच वेळ उभे होते. मी दुरून पाहत होते. यांनी इथेही बीळ काढलं तर सगळं उघडं पडेल, असं माझ्या मनात येत होतं. बाबांना ते सांगायची वेळ आली नाही. पंधरवड्यानं ते ट्रेसिंग कागदाची गुंडाळी घेऊन आले. दुमजली घर, समोर चार खांब, गॅलरी. मामाजींनी कागद पुष्कळ वेळ पाहिला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, ठीक आहे.

बाबांनी ते घर उभं राहून बांधून घेतलं. भर उन्हाळ्यात रोज पांढुर्ण्याहून बसनं यायचे. खांब ओळंब्यात नाही म्हणून एकदा मिस्त्रीला अर्धा खांब पाडायला लावला. "उभे करायचेच हायेत तं सरळ तरी असू दे," म्हणाले. वास्तुशांतीला मामाजींनी त्यांना शाल दिली. बाबांनी ती वाकून घेतली. आजूबाजूच्या दोघातिघांनी तसाच नक्शा मागितला आणि बाबांनी तोही काढून दिला. सौंसरच्या त्या गल्लीत आता सगळे खांबच खांब आहेत. बाबा आले की आमच्या जिन्याखालच्या सावलीत बसायचे, वरच्या मजल्यावर कधी गेले नाहीत. का, ते विचारायचीच मला लाज वाटायची.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. त्या दिवशी सकाळीच रस्त्यावरून घर पाहून आले होते, अंगणात बसले, तिथेच. मी आधी पोहोचले. मग माणसं यायला लागली आणि नेहमीचंच सुरू झालं. लोक पुलापर्यंत जात, परत येत, बरडीवर उभे राहून हाका मारत. माझ्या मामाला एका माणसाला रस्त्यावर उभं करावं लागलं. तेवढ्यात सौंसरची गाडी आली. माझं रडणं थांबलं. बाप मरून पडलाय, आणि मला भीती कशाची, तर आता घर दिसेल याची.

मामाजी गाडीतून उतरले. त्यांनी कोणाला वाट विचारली नाही. गुरांच्या पायवाटेनं ते खाली आले, करवंदीच्या झुडपाला वळसा घातला, चौकटीशी आल्यावर डोकं न आपटता वाकले आणि आत येऊन बाबांच्या पायांशी बसले. त्या चौकटीत पहिल्यांदा येणारा माणूस न आपटता आत आलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेरवी झाली. सौंसरला परतल्यावर एक दिवस दुपारी मामाजी खालच्या ओसरीत, खांबाला टेकून संत्रं सोलत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलं, "तुम्ही तिकडे आधी गेला होता का?"

"रिश्त्याच्या आधीच गेलो होतो," ते म्हणाले. पोरीच्या घरची चौकशी कोण करत नाही? बगीचा पाहायला आलो असं सांगून ते तिगावला उतरले होते. बाबा आणि आई त्या दिवशी जामसांवलीला गेलेले, शेतावरच्या सालदारानं त्यांना घरात बसवून पाणी दिलं. बाहेर आग ओतून राहिली होती आणि आत असा गारवा की उठावंसंच वाटेना, असं ते म्हणाले. मोहाकडे पाहत ते तास दीड तास तसेच बसून राहिले. "तवाच मनात पक्कं केलं. ज्या माणसानं हे मकान काढलं, त्याची पोरगी आपल्या घरी आणायची. बाकी काही पाहायचंच नव्हतं मले."

मी विचारलं, मग मामाकडे गप्प का बसलात?

"पोरीच्या बापाले त्याच्याच तोंडावर, तुम्ही खोटं बोलून राहिले, असं कसं म्हणू? म्हणून विचारत गेलो. कोणी बांधलं, वर तापते का. म्हटलं, आता म्हणतील, हे नाही, माझं मकान वेगळं आहे, चला दाखवतो. मंग इथं प्लॉट दाखवला, म्हटलं तुमच्या मनाले येईल तसं काढा. तवाही वाटलं होतं. मले तं तसंच पाहिजे होतं, त्या निंबाच्या बाजूनं उतरत गेलेलं."

"निदान नंतर तरी सांगायचं त्यांना, मामाजी."

"चुकलं," ते म्हणाले. त्यांनी सोललेलं अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. मी ते हातात घेतलं.

"पण एक सांगतो, सूनबाई. कोणी बांधलं म्हणून मी विचारलं, तं ते लगेच नाही बोलले. आधी त्यांनी तुह्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीही तुह्याकडेच पाहून राहिलो होतो."

मी खाली मान घातली.

"तू मान वर नाही केली. तू पोहे देऊन राहिली होती," मामाजी म्हणाले.